रक्तातला जागल्या

गेल्या कोजागिरीला मंडळाच्या कार्यक्रमात आटीव दूध वाढायची पाळी माझ्याकडे होती. पातेल्यापाशी उभी असताना एक तरुण जोडपे पुढे आले. त्यातल्या मुलीने विचारले, "मावशी, तुम्ही पूर्वी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होतात ना? आईबाबा पुढच्या महिन्यात येतायत पुण्याहून. नुसत्या रक्तावरून कॅन्सर कळतो अशी काहीतरी टेस्ट निघालीय म्हणतात. ती दोघांची करून घेऊ का?"

मागे भली मोठी रांग होती. हातात डाव होता. मी म्हटले, "बाळ, हे असं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. लिहून सांगते."

हा लेख म्हणजे ते उत्तर. त्याला उशीर झाला, कारण हेच उत्तर मी एकदा उभ्या उभ्या दिले होते, आणि ते चुकले होते.

साल २००९. आमच्या घरी पंधरा-वीस माणसे जेवायला होती. माझ्या यजमानांचे एक जुने स्नेही त्याच आठवड्यात पुण्याहून परत आले होते. त्यांचे नाव लिहीत नाही. मंडळाच्या जुन्या सभासदांना ते ओळखू येतीलच. आमच्या पहिल्या गणेशोत्सवाचे मखर त्यांनीच बांधले होते. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. पुण्याला त्यांनी 'संपूर्ण तपासणी' करून घेतली होती आणि त्याचे जाडजूड पाकीट बरोबर आणले होते. मी स्वयंपाकघरात खोबरे किसत होते. "वहिनी, जरा नजर टाका हो. खोकला आहे थोडा, पण बाकी सगळं ठीक दिसतंय," असे म्हणून त्यांनी एक पान माझ्यापुढे धरले. वर 'कॅन्सर मार्कर' असा मथळा, खाली तीन-चार आकडे आणि प्रत्येकापुढे 'नॉर्मल'. मी ओला हात न लावता पाहिले आणि म्हटले, "छान आहे की भाऊजी! आता काळजी नको."

भाऊजींनी पंधरा वर्षांपूर्वी सिगरेट सोडली होती, हे मला ठाऊक होते. खोकल्यासाठी त्यांनी इथल्या डॉक्टरांची वेळ घेतली होती आणि माझे बोलणे ऐकून ती रद्द केली, हे मला फार उशिरा कळले. पुढच्या हिवाळ्यात फुफ्फुसाचा कर्करोग निघाला, तो पसरल्यावरच. २०११ च्या वसंतात ते गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी मला विचारले, "वहिनी, रक्तात काहीच कसं दिसलं नाही हो?" आवाजात दोष देण्याचा सूर नव्हता. खरोखरच जाणून घ्यायचे होते त्यांना. त्यामुळे ते अधिक लागले.

मी ज्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे काढली, तिचे कामच मुळी रक्तातले प्रतिपिंड शोधण्याचे होते. तरी त्या दिवशी मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. त्या उत्तराला पावणेदोनशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. तो जमेल तसा सांगते.

चोराची पावले

१८४५ मध्ये लंडनमधल्या एका किराणा व्यापाऱ्याची हाडे दुखू लागली आणि ठिसूळ झाली. त्याच्या लघवीत एक विचित्र पदार्थ सापडला. लघवी कोमट केली की तो साकळे, उकळली की विरघळे आणि थंड होताच पुन्हा साकळे. सेंट जॉर्जेस हॉस्पिटलचे डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी त्याचा अभ्यास केला. तो पदार्थ आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. व्यापाऱ्याला अस्थिमज्जेचा कर्करोग, म्हणजे मायलोमा, झाला होता. कर्करोगाची रसायनावरून पटलेली ही पहिली खूण. गंमत अशी, की बेन्स जोन्स प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाचाच एक तुकडा असतो, हे एडेलमन आणि गॅली यांनी दाखवले ते १९६२ मध्ये, शंभराहून अधिक वर्षांनी.

त्यानंतर अशा खुणा एकेक करून सापडत गेल्या. १९६५ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल येथे गोल्ड आणि फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एक प्रथिन सापडले. ते आज सीईए म्हणून ओळखले जाते. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचे पीएसए त्याच जातीचे. भाऊजींच्या कागदावर होते ते हेच आकडे.

या सगळ्या खुणा म्हणजे चोराची पावले. गाठ स्वतः जे काही रक्तात सोडते, ते आपण मोजायचे. यातली अडचण उघड आहे. वाटाण्याएवढी गाठ सोडून सोडून किती सोडणार? शरीरात पाच लिटर रक्त खेळते आहे. त्यात ते चिमूटभर प्रथिन विरून जाते. गाठ मोठी झाली की आकडा वाढतो, पण तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून सीईएचा खरा उपयोग होतो तो रोग ठाऊक असलेल्या रुग्णात, शस्त्रक्रियेनंतर तो परततो आहे का हे पाहण्यासाठी. निरोगी दिसणाऱ्या माणसाला 'तू सुरक्षित आहेस' असे सांगण्याचे ते साधन नव्हे. हे मला २००९ मध्येही माहीत होते. फक्त खोबरे किसताना आठवले नाही.

जागल्याची हाक

आता दुसरी वाट. माझ्या आजोळी, सातारा जिल्ह्यात, माझ्या लहानपणी रात्री जागल्या गस्त घालीत असे. चोर कधी कोणाला दिसत नसे. जागल्याची हाक मात्र सगळ्या गावाला ऐकू येई. गाठ एवढीशी असली तरी शरीराच्या प्रतिकारशक्तीने तिला ओळखले, तर ती प्रतिपिंड तयार करू लागते. एक पेशी तयार करू लागली, की तिच्या हजारो पेशी होतात, आणि ते प्रतिपिंड रक्तात कित्येक आठवडे टिकून राहतात. चोर लहान असला, तरी हाक मोठी असते.

हे प्रतिपिंड जंतूंविरुद्ध नसतात. ते शरीराच्याच प्रथिनांविरुद्ध असतात. म्हणून त्यांना ऑटोअँटिबॉडी, मराठीत स्वप्रतिपिंड म्हणतात. संधिवात, थायरॉइडचे विकार, ल्युपस अशा आजारांत ते दिसतात, आणि आमच्या प्रयोगशाळेत रोज येणारे बहुतेक नमुने त्यांच्यासाठीच असत.

शरीर स्वतःवरच का उलटावे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी असे मांडले, की शरीराला स्वतःवर विषप्रयोग करण्याचा जणू तिटकाराच असतो. त्यांनी त्याला लॅटिन नाव दिले, 'हॉरर ऑटोटॉक्सिकस'. त्यामुळे 'शरीर स्वतःविरुद्ध प्रतिपिंड बनवीत नाही' असा समज पुढे बराच काळ घट्ट बसला. पण याच एर्लिख यांनी १९०९ मध्ये असाही विचार मांडला होता, की प्रतिकारशक्तीचा पहारा नसता, तर कर्करोग कितीतरी अधिक प्रमाणात दिसला असता. म्हणजे पहारेकरी आहे, हे त्यांना वाटत होते. तो कर्करोगाला परका म्हणून ओळखतो की घरचा म्हणून सोडून देतो, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत एक माणूस इथलाच होता. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या रॉबर्ट बाल्डविन यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत उंदरांवर प्रयोग केले. एखादी गाठ एकदा जिरून गेली, की त्याच जातीच्या उंदरात ती पुन्हा सहज रुजत नाही, प्रतिकारशक्ती तिला लक्षात ठेवते, असे त्यांनी दाखवले. नॉटिंगहॅमचे नाव ध्यानात ठेवा. आपल्याला तिथे परत यायचे आहे.

हिरवे ठिपके

१९४८ मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मलेले मेंदूविकारतज्ज्ञ डेरेक डेनी-ब्राउन यांनी दोन रुग्णांची हकीगत लिहिली. दोघांच्याही हातापायांतली संवेदना गेली होती आणि दोघांनाही फुफ्फुसाचा कर्करोग होता. कर्करोग मज्जातंतूंत पसरलेला नव्हता, तरी मज्जातंतू मरत होते. का, ते कळत नव्हते.

उत्तराचा धागा १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग संस्थेत सापडला. फ्रान्सेस्क ग्राउस, जेरोम पोस्नर आणि सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात मज्जापेशींच्या केंद्रकाला चिकटणारा प्रतिपिंड दिसला. एका रुग्णाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे घेऊन त्याला 'अँटी-हू' म्हणू लागले. एरवी केवळ मज्जापेशींत असणारी 'हू' प्रथिने फुफ्फुसाच्या लहान पेशींच्या कर्करोगातही तयार होतात. प्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडते आणि त्याच रागात मज्जातंतूही मारते.

या शोधानंतर काही वर्षांनी, १९९३ मध्ये, एक नमुना माझ्या हाती आला. रुग्ण लॉरीचालक होता. पायांना मुंग्या येत होत्या, मग पाय बधिर झाले, मग हातही. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. आमची पद्धत अशी: काचेवर माकडाच्या लहान मेंदूचा अत्यंत पातळ काप असतो. त्यावर रुग्णाच्या रक्तातले सीरम, म्हणजे गोठल्यावर वर राहणारे पिवळसर पाणी, घालायचे. धुवायचे. त्यावर चमकणारा रंग लावलेला दुसरा प्रतिपिंड घालायचा. पुन्हा धुवायचे आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. त्या दिवशी काळ्या आकाशात तारे उगवावेत तशी मज्जापेशींची केंद्रके हिरवी चमकली.

मी आमच्या वरिष्ठांना बोलावले. खात्रीसाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर तेच आले. डॉक्टरांना कळवले, की या माणसाच्या छातीत पुन्हा पुन्हा शोधा. पहिल्या वेळी काही सापडले नाही. सहा महिन्यांनी छातीच्या मध्यभागी एका लसीकाग्रंथीत लहान पेशींचा कर्करोग सापडला. एक्स-रे जे सांगू शकला नव्हता, ते रक्ताने सहा महिने आधी सांगितले होते.

तेव्हापासून माझ्या मनात स्वप्रतिपिंडांविषयी एक आदर आहे. पण त्या आदराला एक जोडपुरवणी लागते. लहान पेशींच्या फुफ्फुसकर्करोगाचे जे रुग्ण मज्जातंतूंची काही तक्रार करीत नाहीत, त्यांच्यातही हा प्रतिपिंड शोधला गेला. तो थोड्या प्रमाणात सापडला, साधारण सोळा टक्क्यांत. म्हणजे शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणांत जागल्या गप्प होता.

त्रेपन्नचा किस्सा

या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध प्रथिन पी-५३. त्याच्या वजनावरून हे नाव पडले. १९७९ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, अमेरिकेत आर्नोल्ड लेव्हिन आणि लॉइड ओल्ड यांचे गट, असे कित्येक जण एकाच वर्षी त्याच्यापर्यंत पोहोचले. गंमत पाहा, गाठी असलेल्या प्राण्यांच्या सीरममध्येच या प्रथिनाला धरणारे प्रतिपिंड होते. म्हणजे माणसाच्या आधी उंदराच्या प्रतिकारशक्तीने पी-५३ ओळखले होते!

सुरुवातीला सगळ्यांना वाटले, की हे प्रथिन कर्करोग घडवते. १९८९ च्या सुमारास उलटे सिद्ध झाले. निरोगी पी-५३ कर्करोग थोपवते. त्याचे जनुक बिघडले, की पेशीवरचा लगाम सुटतो. चांगले पी-५३ काही मिनिटांतच नष्ट होते. बिघडलेले मात्र तासन् तास टिकते आणि पेशीत साठत जाते. पेशी मरून फुटली, की तो साठा बाहेर सांडतो आणि प्रतिकारशक्तीच्या नजरेत येतो.

१९८२ मध्येच क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांचे सीरम तपासले. सुमारे नऊ टक्क्यांत पी-५३ विरुद्धचे प्रतिपिंड सापडले. निरोगी स्त्रियांत ते सापडले नाहीत. या दोन वाक्यांत या सगळ्या विषयाचे यश आणि अपयश एकत्र आहे. प्रतिपिंड आहे, तर बहुधा काहीतरी बिघडले आहे. प्रतिपिंड नाही, तर त्यावरून काहीही म्हणता येत नाही, कारण शंभरातल्या एक्याण्णव रुग्णांतही तो नव्हता.

पुढे पॅरिसमध्ये तिएरी सूसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रतिपिंडांचा चिकाटीने पाठपुरावा केला. १९९५ मध्ये त्यांनी दोन अट्टल धूम्रपान करणाऱ्यांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांच्या रक्तात पी-५३ चे प्रतिपिंड कर्करोगाचे निदान होण्याआधीच दिसले होते. त्याच वर्षी व्हिनिल क्लोराइड या रसायनाशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या साठवून ठेवलेल्या रक्तातही असेच आढळल्याचा अहवाल आला. हाक खरोखरच आधी येऊ शकते, हे यावरून दिसले. पण पी-५३ बिघडलेल्या रुग्णांपैकीही निम्म्याहून कमी जणांत प्रतिपिंड तयार होतात, हेही दिसले.

एक जागल्या पुरत नाही

एक जागल्या दहापैकी एकदाच ओरडत असेल, तर काय करावे? सात जागल्ये नेमावेत. एकाचे लक्ष नसेल तिथे दुसऱ्याचे असेल. पण त्यासाठी आधी कर्करोगाची अशी पुष्कळ प्रथिने सापडायला हवीत, ज्यांच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंड बनवते.

ती शोधण्याची युक्ती १९९५ मध्ये जर्मनीतल्या होम्बुर्ग येथे निघाली. मिखाएल फ्रॉइंडशू यांच्या प्रयोगशाळेत उगुर शाहिन आणि ओझलेम ट्युरेजी हे दोन तरुण डॉक्टर काम करीत होते. दोघेही तुर्की कुटुंबांतले. त्यांनी रुग्णाच्या गाठीतल्या जनुकांपासून बॅक्टेरियांकरवी हजारो प्रथिने तयार करवली, आणि त्याच रुग्णाचे सीरम त्यांवर घालून कोणते प्रथिन पकडले जाते ते पाहिले. म्हणजे ओळखपरेडच म्हणा. साक्षीदार स्वतः रुग्णाचे रक्त. १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने याच पद्धतीने अन्ननलिकेच्या कर्करोगातून एक प्रथिन शोधले. न्यूयॉर्क आणि अन्ननलिका यांवरून त्याचे नाव पडले एनवाय-ईएसओ-१. निरोगी प्रौढ शरीरात ते जवळजवळ फक्त वृषणात असते. प्रतिकारशक्तीची नजर तिथे सहसा पोहोचत नाही. तेच प्रथिन फुफ्फुसात दिसले, की ते परके ठरते.

शाहिन आणि ट्युरेजी ही नावे ओळखीची वाटली असतील. पुढे दोघांचे लग्न झाले आणि २००८ मध्ये त्यांनी बायोएनटेक ही कंपनी काढली. २०२० च्या साथीत आपल्यापैकी अनेकांनी दंडावर घेतलेली फायझरची लस मूळ त्यांच्याच प्रयोगशाळेतली. स्थलांतरितांच्या मुलांनी काय करून दाखवले, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

आशा वाढवणारे निष्कर्षही येत होते. २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने बावीस प्रथिनतुकड्यांचा संच वापरून प्रोस्टेटच्या कर्करोगाचे ८१.६ टक्के रुग्ण ओळखले. कर्करोग नसलेल्या ८८.२ टक्के लोकांना त्यांनी बरोबर मोकळे सोडले. २००८ मध्ये नॉटिंगहॅमच्या गटाने सात प्रथिनांच्या संचाने फुफ्फुसाचा कर्करोग झालेल्या ७६ टक्के रुग्णांत प्रतिपिंड आढळल्याचे जाहीर केले. निरोगी लोकांत चाचणी ९२ टक्के वेळा योग्य तशी शांत राहिली होती.

नॉटिंगहॅम ते स्कॉटलंड

नॉटिंगहॅममध्ये बाल्डविन यांनी रुजवलेली परंपरा शल्यविशारद जॉन रॉबर्टसन यांनी पुढे नेली. विद्यापीठातून एक कंपनी निघाली आणि फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी सात प्रथिनांची रक्तचाचणी बाजारात आली. त्या सातांत पी-५३ होते, एनवाय-ईएसओ-१ होते आणि आमच्या लॉरीचालकाचे 'हू' देखील होते. वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या दशकांत सापडलेले साक्षीदार आता एकाच काचपट्टीत बसले होते.

बाजारात आलेली चाचणी प्रयोगशाळेतल्या संचाशी हुबेहूब तीच नव्हती, आणि सीमारेषाही वेगळ्या आखल्या होत्या. कर्करोग ओळखण्याचे तिचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते. यात कोणी फसवले असे नाही. निदान झालेले शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी माणसे समोरासमोर बसवून केलेली परीक्षा, आणि रस्त्याने चालणाऱ्या हजारो लोकांतून अजून न दिसलेला रोग शोधणे, यात शाळेतल्या वादविवाद स्पर्धेत आणि कोर्टातल्या खटल्यात असतो तेवढा फरक आहे.

तो खटला स्कॉटलंडमध्ये उभा राहिला. २०१३ ते २०१६ या काळात ५० ते ७५ वयाचे, धूम्रपानामुळे धोका जास्त असलेले १२,२०८ लोक निवडले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. निम्म्यांची रक्तचाचणी झाली, निम्म्यांना नेहमीचीच वैद्यकीय सेवा मिळाली. चाचणीत प्रतिपिंड सापडले, तर एक्स-रे आणि सीटी स्कॅन, आणि दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

ते आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. चाचणी झालेल्या ६,०८७ पैकी ५९८ जणांत प्रतिपिंड सापडले, म्हणजे दहातल्या एकात. दोन वर्षांत त्या गटात ५६ जणांना फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. त्या ५६ पैकी चाचणीने आधी हाक दिली होती १८ जणांबाबत. उरलेल्या ३८ जणांच्या हातात 'काही आढळले नाही' असा कागद होता. उलट, हाक आलेल्या ५९८ पैकी ५८० जणांत दोन वर्षांत कर्करोग निघाला नाही. त्यांना स्कॅनच्या फेऱ्या आणि काळजी तेवढी मिळाली.

मग चाचणी वायाच गेली का? तसेही नाही. चाचणीच्या गटात पसरलेल्या अवस्थेतले, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचे, कर्करोग ३३ होते. दुसऱ्या गटात ते ५२ होते. हा फरक खरा मानण्याजोगा होता. आणखी एक लक्षात येण्यासारखी गोष्ट अशी, की लवकरच्या टप्प्यातल्या कर्करोगांपैकी निम्म्यांबाबत चाचणीने हाक दिली, पण पसरलेल्यांपैकी पाचांत एकाबाबतही नाही. चोराच्या पावलांचे गणित याच्या उलट असते. ती गाठ वाढेल तशी गडद होतात. दोन वर्षांतल्या मृत्यूंची संख्याही चाचणीच्या गटात थोडी कमी होती, पण तो फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणता येण्याइतका नव्हता. फुफ्फुसात आधीच दिसलेली लहान गाठ घातक आहे का, हे ठरवायला ही चाचणी वापरावी का, असा प्रश्न इथल्या नाइस या संस्थेपुढे गेला. २०२२ मध्ये तिने सांगितले, की शिफारस करण्याइतका पुरावा नाही.

दरम्यान छायाचित्रे मात्र पुढे गेली. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात कमी किरणांच्या सीटी स्कॅनमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. तो निष्कर्ष २०११ चा. भाऊजी गेले त्याच वर्षीचा. आज इंग्लंडमध्ये ५५ ते ७४ वयाच्या, आयुष्यात कधीही सिगरेट ओढलेल्या लोकांना फुफ्फुसतपासणीची पत्रे टप्प्याटप्प्याने जात आहेत. आपल्या मंडळातल्या दोन गृहस्थांना ती आली, आणि 'आपण तर केव्हाच सोडली' म्हणून दोघांनीही ती केराच्या टोपलीत टाकली, असे कानावर आले. कृपा करून टाकू नका. भाऊजींनीही केव्हाच सोडली होती.

उत्तर

तर बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. रक्तातला जागल्या खरा आहे. मी त्याची हाक स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्याला शोधण्यात एर्लिखपासून शाहिन-ट्युरेजींपर्यंत मोठमोठ्या माणसांची आयुष्ये गेली, आणि ते काम अजून चालू आहे. तुझ्या हयातीत या चाचण्या आजच्यापेक्षा खूप सुधारतील, याची मला आशा आहे. स्वप्रतिपिंड, गाठीतून सुटलेले डीएनए आणि स्कॅन मिळून जे सांगतील, ते एकट्यादुकट्याला सांगता येणार नाही.

पण जागल्या ओरडला नाही म्हणजे चोर आला नाही, असे नसते. आजोळी हे पोरासोरांनाही कळत होते. म्हणून जागल्या असूनही रात्री दाराला कडी लावीत. मला मात्र चौतीस वर्षांची नोकरी करूनही ऐन वेळी त्याचा विसर पडला. चाचणीत काही निघाले, तर शोध घ्यायचा. काही निघाले नाही, तर त्या कागदाने कोणत्याही तक्रारीचे तोंड बंद करायचे नाही. तुझ्या आईबाबांची चाचणी करायची की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरव. पण त्याआधी दोघांना शेजारी बसवून विचार, की काही नवे दुखते का, वजन उतरले आहे का, कुठे गाठ लागते का. आपली माणसे पाहुणे म्हणून आली, की मुलांना काळजी नको म्हणून पुष्कळ काही गिळून टाकतात.

भाऊजींच्या प्रश्नाचे उत्तरही आता मला देता येते. रक्तात काही दिसले नाही, कारण तिथे जे शोधले गेले ते लहान गाठीत बहुधा दिसतच नाही. आणि स्वप्रतिपिंड शोधले असते, तरी ते सापडण्याची शक्यता अर्ध्याहून कमीच होती. पण ते पान माझ्यापुढे धरताना त्यांनी खरी बातमी तोंडाने सांगितली होती. खोकला आहे थोडा, असे ते म्हणाले होते. तीन आठवड्यांवर खोकला राहिला तर डॉक्टरांकडे जा, असे इथे बसथांब्यावरसुद्धा लिहिलेले मी पाहिले आहे. मी ते पान बाजूला ठेवून एवढेच विचारायला हवे होते, "भाऊजी, खोकला किती दिवस आहे?"